नदीकाठच्या उतारावर वाचनालय कसं बसवायचं?

आधी प्रश्न मांडतो, म्हणजे उत्तर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी नगरपरिषदेची जागा आहे. रस्त्याच्या कडेनं रुंदी ६२ मीटर. रस्त्यापासून उन्हाळ्यातल्या पाण्यापर्यंत खोली ९० मीटर, आणि तेवढ्यात जमीन ११ मीटर उतरते. तिथं वाचनालय, अभ्यासिका आणि २०० जणांचं सभागृह करायचं आहे. विचारणाऱ्या तरुण आर्किटेक्टनं तीन पर्याय काढलेत. पहिल्यात उतारावर भराव टाकून रस्त्याच्या पातळीला सपाट जागा केली आहे, दुसऱ्यात सगळी इमारत खांबांवर उभी आहे आणि तिसऱ्यात ती टप्प्याटप्प्यानं थेट नदीपर्यंत उतरते. यातला कोणता घ्यावा, असं त्यांनी विचारलं आहे.

तिन्ही पर्याय प्लॅनवर काढलेले आहेत आणि माझी पहिली हरकत तिथंच आहे. नदीकाठी आधी छेद काढायचा, म्हणजे जमीन उभी कापून बाजूनं बघितल्यासारखं चित्र. रस्त्याच्या पलीकडच्या घरांपासून नदीच्या समोरच्या थडीपर्यंत एकच लांब छेद काढा, १:१०० ला. कागद दोन मीटर लागला तरी लागू दे, भिंतीवर चिकटवा. त्या छेदावर प्रत्येक पातळीसमोर एकच गोष्ट लिहायची: इथं वर्षातून किती दिवस पाणी असतं, आणि ते पाणी उभं असतं की वाहतं. हा तक्ता भरेपर्यंत इमारतीची एकही भिंत काढू नका. मी तीसेक वर्षांत नदीकाठी जी कामं केली, त्यातली जी टिकली ती हा तक्ता भरून केलेली होती. ज्यांचा त्रास झाला, तिथं मी घाई केली होती.

पातळ्या कुठून मिळवायच्या? पहिला कागद जलसंपदा विभागाच्या पूररेषेचा. आपल्याकडे निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तुम्ही दिलेल्या सर्व्हेत रस्त्याची पातळी १००.० मीटर धरली आहे, निळी रेषा ९२.५ वर आणि लाल रेषा ९५.२ वर दिसते. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे निळ्या रेषेच्या आत बाग, मैदान, पार्किंग असे मोकळे वापर चालतात, इमारत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात बांधता येतं, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा ४५ सेंटिमीटर वर. म्हणजे तुमच्या जागेत ९५.६५ च्या खाली बंदिस्त खोली काढायचीच नाही. तिसरा पर्याय इथंच बाद होतो.

पण सरकारी रेषेवर थांबू नका. गावात जा. माझ्या एका कामाच्या वेळी आम्ही जागेशेजारच्या जुन्या वाड्यात गेलो होतो. तिथल्या आजींना विचारलं, मोठ्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं? त्यांनी उत्तर दिलं नाही, उठून आतल्या सोप्यात गेल्या आणि दिवा ठेवायच्या कोनाड्याच्या तळावर बोट ठेवलं. "इथं. दिवा मी वरच्या फळीवर नेला होता." रंग दिलेल्या भिंतीवर खूण काहीच राहिली नव्हती, पण बोट ठेवताना त्या क्षणभरही थबकल्या नाहीत. आम्ही गवंड्याची पाण्याची नळी लावून ती पातळी दारातून, बोळातून जागेवरच्या खुणेपर्यंत आणली. मग घाटावरच्या पुजाऱ्यांना, नावाड्याला आणि नदीकडच्या पिठाच्या गिरणीवाल्याला वेगवेगळं गाठून विचारलं. चौघांच्या पातळ्या एका विटेच्या उंचीच्या आत जुळल्या, आणि ती पातळी नकाशातल्या लाल रेषेच्या वर होती. तुमच्याकडेही अशा चार खुणा गोळा करा. समजा त्या ९५.८ ला आल्या, तर तीच तुमची खरी रेषा. कागद आणि माणसं यांत जे वर असेल ते धरायचं.

एक गल्लत नेहमी होते, म्हणून सांगतो. सांगलीच्या आयर्विन पुलावर ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी असते, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण ते फूट त्या पुलावरच्या पट्टीचे आहेत. तिथं एक फूट वाढलं म्हणजे तुमच्याकडे किती, हे पात्राची रुंदी, वळण आणि खालचा संगम यांवर ठरतं. जवळच्या पट्टीचे आकडे आणि तुमच्या जागेवरची पातळी एकाच पावसाळ्यात रोज सकाळी लिहून जुळवली, तर पुढं तुमच्या वाचनालयाच्या शिपायाला नुसती बातमी ऐकून कळेल की उद्या पाणी कोणत्या पायरीवर येणार.

पाणी उभं की वाहतं, हे दुसरं. संगमाच्या वरच्या बाजूला पाणी पुष्कळदा फुगवट्याचं असतं. हळू चढतं, उभं राहतं, हळू उतरतं, आणि गाळ सोडून जातं. वळणाच्या बाहेरच्या काठाला ते धारेचं असतं. तिथं काठ खचतो, ओंडके येऊन आदळतात. आतल्या काठाला मळई, म्हणजे गाळाची जमीन, साठते. वाईच्या ढोल्या गणपतीचं देऊळ बघून या. १७६२ मध्ये रास्त्यांनी बांधलेलं हे देऊळ कृष्णेच्या पात्रालगत आहे आणि त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती केलेली आहे, म्हणजे येणारी धार दोन्ही बाजूंना फाटते. धारेच्या जागी काय करायचं, ते त्या भिंतीनं दाखवून दिलंय. तुमची जागा आतल्या काठाला आहे, खाली ३५ मीटर मळई आहे, त्यामुळे तुम्हाला धारेपेक्षा उभ्या पाण्याची आणि गाळाची काळजी जास्त.

आता तुमचा उतार नीट बघू. सरासरी काढली तर आठास एक येतो, पण सरासरीनं काम करू नका. तुमच्याच आकड्यांप्रमाणे रस्त्यापासून पहिले ३५ मीटर जमीन फक्त ३ मीटर उतरते. पुढच्या २० मीटरमध्ये ५ मीटरची दरड आहे. शेवटचे ३५ मीटर मळई, तिथं ३ मीटर. या तीन वेगळ्या जमिनी आहेत. वरच्या पट्ट्यात मुरूम लवकर लागेल, त्याच्याखाली कातळ असेल. दरडीत काय आहे ते खणल्याशिवाय कळणार नाही. मळईत पोयटा आणि गाळाचे थर असतील, त्यावर वजन टाकायचं नाही.

पहिला पर्याय, भरावाचा. नगरपरिषदेला तो आवडेल, कारण मोठी सपाट जागा दिसते. मी तो अजिबात घेणार नाही. पाच-सहा मीटर भराव स्वतःच्या वजनानं वर्षानुवर्षं दबत राहतो. पूर आला की भिजतो, जड होतो. आणि नदीच्या अंगाला त्याला धरून ठेवायला जी भिंत लागते, तिची गोष्ट मला स्वतःच्या अनुभवातून सांगायची आहे.

वीसेक वर्षांपूर्वी एका नदीकाठच्या कामात मी चार मीटर उंचीची दगडी संरक्षक भिंत घेतली होती. मागं भरायला मुरूम बाहेरून आणायचा होता. खर्च वाचावा म्हणून जागेवरच निघालेली काळी माती भरायला मी होकार दिला. पाणी निघायला भिंतीत भोकं ठेवली होती, पण त्यांच्या मागं गिट्टीचा थर नव्हता. पुराचं पाणी तीन दिवस भिंतीच्या माथ्यापर्यंत उभं होतं आणि भिंतीला काही झालं नाही. मग वरच्या धरणाचा विसर्ग कमी केला, नदी भराभर उतरली, आणि दुसऱ्या रात्री भिंत वीस मीटर लांबीत नदीच्या बाजूला कोसळली. पूर असताना दोन्हीकडून पाणी दाबत होतं, म्हणून ती उभी होती. पुढचं पाणी गेलं तरी मागच्या काळ्या मातीतलं पाणी निघेना. भोकांच्या तोंडाशी माती बसून ती बुजली होती. चार मीटर पाण्याचा दाब म्हणजे भिंतीच्या दर धावत्या मीटरला आठ टन, आणि मातीचा दाब वेगळा. ती चूक माझी होती. सुदैवानं रात्रीची वेळ असल्यामुळे खाली कोणी नव्हतं. तेव्हापासून नदीकाठची प्रत्येक भिंत मी पाणी उतरतानाच्या अवस्थेसाठी तपासून घेतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरला तुम्ही लेखी सांगा: पुढं पाणी शून्य, मागं पूर्ण भरलेलं. भिंतीमागं किमान ३०-४५ सेंटिमीटर गिट्टीचा थर, त्याच्या आणि मातीच्या मध्ये गाळणीचं कापड, आणि दर दीड-दोन मीटरला पाण्याची वाट. शक्य असेल तिथं अखंड भिंतीऐवजी जाळीच्या पेट्यांत दगड भरून टप्पे करा. त्यांतून पाणी आपोआप निघून जातं आणि थोडं खचलं तरी त्या मोडत नाहीत.

दुसरा पर्याय, खांबांचा. पाणी खालून जाऊ द्यायचं हा विचार चांगला आहे. अडचण भूकंपाची आहे. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप या खोऱ्यातल्या कोणी विसरू नये. उतारावर एकच स्लॅब खांबांवर ठेवली की वरच्या बाजूचे खांब दीड मीटरचे आणि नदीकडचे सहा मीटरचे होतात. खांबाचा ताठपणा उंचीच्या घनाच्या उलट प्रमाणात बदलतो, म्हणजे चारपट आखूड खांब त्याच जाडीत चौसष्टपट ताठ. हादरा आला की जवळजवळ सगळा जोर त्या आखूड खांबांवर येतो आणि तेच आधी तुटतात. खांबांवर न्यायचंच असेल तर जमीन टप्प्यांत कापून एका भागातले सगळे खांब सारख्या उंचीचे करा, आणि दोन भागांमध्ये सांधा सोडा.

मग बसवायचं कुठं? वरच्या ३५ मीटरमध्ये, आणि तेही सगळं नाही. दरडीच्या कड्यापासून सहा-सात मीटर मागं थांबा. म्हणजे इमारतीची नदीकडची कड रस्त्यापासून साधारण २८ मीटरवर येते. तिथं नैसर्गिक जमीन ९७.६ च्या आसपास असेल. खालचा मजला ९७.० ला घ्या, वरचा १००.० ला, रस्त्याच्या पातळीशी. खालचा मजला कापलेल्या जमिनीवर बसतो, भरावावर नाही. ९७.० ही पातळी आपण धरलेल्या ९५.८ च्या पूरखुणेच्या १.२ मीटर वर आहे. आणि कड्यावर वजन येत नाही, म्हणजे पाणी उतरताना दरड घसरायचं निमित्त तुमची इमारत होणार नाही.

पुस्तकं वरच. २०१९ मध्ये सांगलीच्या नगर वाचनालयात आणि २०२१ मध्ये चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरलं, तेव्हा भिजून फुगलेली पुस्तकं बघितलेला माणूस पुस्तकं खालच्या मजल्यावर ठेवायला सांगणार नाही. वजनाचा प्रश्न येईल. पुस्तकांच्या रॅकच्या खोलीसाठी मानकाप्रमाणे दर चौरस मीटरला सुमारे ६०० किलो भार धरावा लागतो, रॅक उंच झाले तर त्याहून जास्त. म्हणून ग्रंथसंग्रह वरच्या मजल्यावर, पण रस्त्याच्या बाजूच्या पट्ट्यात घ्या, जिथं खाली मुरूम आहे आणि पाया उथळ लागतो. वाचनकक्ष नदीच्या बाजूला. अभ्यासिका खाली ९७.० ला, तिचं स्वतःचं दार असलेली, कारण मुलं रात्री उशिरापर्यंत बसतात आणि वाचनालय तोवर बंद झालेलं असतं.

सभागृहाला उताराचा फायदा घ्या. २०० जणांसाठी १५ खुर्च्यांच्या १४ ओळी पुरतात. दर ओळीला २० सेंटिमीटर उतरलं की २.८ मीटर होतात, म्हणजे जवळजवळ तुमचा एक मजला. प्रेक्षक रस्त्यावरून १००.० ला मागच्या दारानं आत येतील आणि रंगमंच ९७.० ला, नदीच्या बाजूला येईल. उतार जमिनीनंच दिलाय, त्यासाठी वेगळं बांधकाम नको. रंगमंचामागं मोठं सरकतं दार ठेवा. ते उघडलं की रंगमंच बाहेरच्या गच्चीला आणि घाटाला तोंड करतो. गणेशोत्सवात, शाळांच्या संमेलनात गाव त्याचा वापर करेल, कोणी शिकवायला लागणार नाही.

सभागृह आणि वाचनालय यांच्या मध्ये आठ मीटर रुंद मोकळी वाट सोडा. वर छप्पर, बाजूला कट्टे, दार नाही. ही वाट मी सगळ्यात महत्त्वाची मानतो आणि बजेट कापताना तिच्यावरच आधी कात्री येते, म्हणून आग्रहानं सांगतो. आजवर त्या जागेतून बायका धुणं घेऊन नदीवर जात असतील, दशक्रियेला लोक उतरत असतील, विसर्जनाची मिरवणूक जात असेल. इमारत आली आणि नदी बंद झाली, असं व्हायला नको. पणजीत कांपालला मांडवीच्या काठी आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी केलेली कला अकादमी बघा. जमीन तिथं सपाट आहे, पण रस्त्यावरचा माणूस मोठ्या छताखालून, नाटकाचं तिकीट न काढता, चालत नदीपर्यंत जाऊ शकतो. घाटांच्या बाबतीत मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि त्याखालचा घाटही बघा. वाडा वर कोरडा आणि घाट खाली भिजणारा, दोघांनी आपापली जागा सांभाळली आहे.

चाकाच्या खुर्चीचं गणित लवकर मांडा, शेवटी मांडलं तर बसत नाही. रस्त्यापासून पाण्यापर्यंत ११ मीटर उतरायला १:१२ चा रॅम्प केला तर १३२ मीटर, आणि दर ९ मीटरला दीड मीटरचा सपाट टप्पा धरून दीडशेच्या वर. एवढा रॅम्प कोणी चढणार नाही. पण १००.० ते ९७.० हे तीनच मीटर आहेत. ३६ मीटर रॅम्प, टप्प्यांसह सुमारे ४१. तो मधल्या वाटेत दोनदा वळवून बसतो. शिवाय लिफ्ट घ्याच. मात्र लिफ्टवर एकटीवर भिस्त ठेवू नका, वीज जाते. ९७.० च्या खाली वेगळी युक्ती आहे. तुमची जागा ६२ मीटर रुंद आहे. उताराला आडवी, समोच्च (सारख्या उंचीच्या) रेषांना धरून २० ला १ च्या सौम्य चढाची पायवाट केली तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती सुमारे तीन मीटर उतरते. इतक्या सौम्य चढाला रॅम्पचे नियम लागत नाहीत. एक आडवी फेरी ९७ पासून ९४ पर्यंत, दुसरी ९४ पासून ९१ पर्यंत. आजोबा नातवाला घेऊन त्या वाटेनं सावकाश उतरतील, बाबागाडीसुद्धा जाईल. मधून सरळ पायऱ्या, घाई असणाऱ्यांसाठी.

वरून येणाऱ्या पाण्याकडे तुमच्या नकाशात कोणी बघितलेलं दिसत नाही. मोठा पूर काही वर्षांनी येतो, पण गावाकडून नदीकडं धावणारं पाणी दर जूनमध्ये येतं, आणि तुमची ५०-५५ मीटर लांबीची इमारत त्याला आडवी बांध घातल्यासारखी उभी राहणार आहे. रस्त्याच्या बाजूला, इमारतीच्या मागं, खोल आडवा पाट काढा आणि दोन्ही टोकांनी ते पाणी बाहेरून नदीकडं न्या. मागची भिंत तीन मीटर जमिनीत आहे. तिच्या आणि आतल्या खोलीच्या मध्ये मीटरभर रुंदीचा मोकळा पट्टा सोडता आला तर ओल खोलीत येणार नाही, आणि खालच्या मजल्याला मागूनही उजेड-वारा मिळेल. नुसत्या वॉटरप्रूफिंगवर विसंबून भिंतीला लागून पुस्तकांचं कपाट ठेवलेलं मी पाहिलंय. दोन पावसाळ्यांत बुरशी धरली.

पुराचं पाणी दारातून यायच्या आधी संडासातून येतं, हेही लक्षात ठेवा. गावाची गटारवाहिनी नदीच्या पातळीला भरली की उलटी वाहते. म्हणून स्वच्छतागृहं शक्यतो १००.० ला, आणि खाली जी द्यावीच लागतील त्यांच्या वाहिनीवर पाणी परत येऊ न देणारा झडपेचा व्हॉल्व्ह, सहज उघडून साफ करता येईल अशा चेंबरमध्ये. विजेचे मीटर, पॅनेल, जनरेटर, पंपाचे स्टार्टर सगळे १००.० ला. खालच्या भागाची वायर वरून खाली उतरवायची, फरशीतून न्यायची नाही, आणि त्या भागाचा स्विच वेगळा ठेवायचा. लिफ्टचा खड्डा दीड मीटर खोल धरला तर त्याचा तळ ९५.५ ला येतो, म्हणजे ९५.८ च्या पूरखुणेच्या खाली. तो जलरोधक करा आणि पूर आला की लिफ्ट वर उभी करून बंद करायची, हे पॅनेलवरच मराठीत लिहून ठेवा. जमिनीखालची पाण्याची टाकी पुराआधी भरून ठेवायची. रिकामी टाकी भोवतीच्या पाण्यानं वर उचलली जाते. तिच्याभोवती दोन मीटर पाणी उभं राहिलं तर तळाला दर चौरस मीटरला दोन टन वरचा रेटा बसतो, आणि ३० सेंटिमीटर जाड काँक्रीटच्या तळाचं वजन जेमतेम पाऊण टन असतं.

९७.० च्या खाली जे काही काँक्रीट असेल ते वारंवार भिजणारं आणि सुकणारं आहे असं धरून एम-३० या दर्जाच्या खाली जाऊ नका, आणि सळईवर काँक्रीटचं ४५ मिलिमीटर आवरण ठेवा. हे अंतर राखायला सळईखाली ठोकळे लागतात; ठेकेदार जागेवर त्याऐवजी दगडाचे तुकडे लावतात, ते चालणार नाही.

आता खालचा उतार, म्हणजे माझ्या मते गावाची खरी मिळकत. दरडीवर टप्पे करा, मळईवर काही बांधू नका. पायऱ्यांना टाकी मारलेला काळा दगड वापरा. गुळगुळीत फरशीवर शेवाळ धरलं की माणूस आपटतो. प्रत्येक पायरीला बाहेरच्या बाजूला थोडा ढाळ द्या, नाहीतर गाळ तिच्यावर साचून राहतो. पूर ओसरल्यावर खरं काम गाळाचं असतं. तो ओला असतानाच, पाणी उतरेल तसा, त्याच पाण्यानं खाली ढकलायचा. एकदा वाळला की कुदळ लागते. म्हणून दर टप्प्याला पाण्याचा एक जाड नळ, मोठा पंप लावायची सोय, ढकलगाडी जाईल एवढी वाट, आणि कोपऱ्यांत कुठंही खाच नको.

कठड्यांबद्दल एक गोष्ट. आम्ही एका घाटावर उभ्या गजांचा सुंदर लोखंडी कठडा केला होता. पहिल्याच मोठ्या पुरात जलपर्णी आणि उसाचं पाचट त्या गजांत अडकत गेलं. दुसऱ्या दिवशी तिथं कठडा दिसत नव्हता, एक हिरवी भिंतच पाणी अडवून उभी होती. मग ती पायातल्या दगडांसकट उपटून गेली. आता मी पूररेषेच्या आत कठडा खोबणीत बसवतो आणि पावसाळ्याआधी काढून वर ठेवतो. जिथं कायम हवा तिथं दोन आडव्या दांड्या आणि मध्ये भरपूर मोकळीक.

झाडं नदीनं स्वतः निवडलेलीच लावा. वरच्या टप्प्यावर करंज, उंबर, जांभूळ. पाण्याच्या जवळ वाळुंज, आणि अगदी काठाला शेरणी, जी पुरात आडवी होते आणि पाणी उतरल्यावर पुन्हा उभी राहते. दरडीच्या उताराला वाळा लावा, त्याची मुळं खोल जातात. नारळ आणि शोभेच्या पामची मागणी होईल, ती नाकारा.

नदी तुमच्या पश्चिमेला आहे, हे विसरू नका. दृश्य तिकडं, पण दुपारनंतरचं ऊन आणि पावसाचे सपकारेही तिकडूनच. शिवाय पाण्यावरून परावर्तित झालेला उजेड खालून वर येतो, त्याला नुसता छज्जा पुरत नाही. वाचनकक्षाला तीन मीटर खोल ओसरी द्या आणि ओसरीच्या कडेला कमरेइतका भरीव कट्टा. कट्टा खालून येणारी चमक अडवेल, छप्पर वरचं ऊन अडवेल, आणि मधल्या पट्टीतून बसलेल्या वाचकाला समोरची थडी दिसेल. अहमदाबादला गिरणीमालकांच्या संघटनेच्या (मिल ओनर्स) इमारतीत आर्किटेक्ट ल कॉर्बुझिएनं रस्त्याकडच्या पश्चिमेला काँक्रीटचे तिरके पडदे दिले आणि साबरमतीकडच्या पूर्वेला ते सरळ ठेवून नजर मोकळी ठेवली. तुमच्याकडे नदी आणि मावळतं ऊन एकाच दिशेला आहे, म्हणून त्याची नक्कल चालणार नाही. कट्ट्याची उंची जागेवर बांबू बांधून, संध्याकाळी पाच वाजता खुर्चीवर बसून ठरवा.

आणि इमारतीबरोबर तिचा पुराचा शिरस्ताही ठरवा. नृसिंहवाडीला पुराचं पाणी दत्तमंदिरात एका दारानं शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. उत्सवमूर्ती तोवर वर हलवलेली असते. कोणी काय उचलायचं, कुठं न्यायचं, हे तिथं सगळ्यांना ठाऊक आहे, घबराट होत नाही. तुमच्या अभ्यासिकेतली टेबलं घडी होणारी घ्या. संगणक चाकांच्या कपाटात ठेवा, म्हणजे दोन माणसं अर्ध्या तासात ते रॅम्पनं वर नेतील. वरच्या मजल्यावर तेवढी मोकळी जागा आधीच प्लॅनमध्ये राखून ठेवा, आणि ती जागा वर्षभर कोणी गोदाम करू नये म्हणून तिथं वर्तमानपत्रांचा कट्टा घाला. पाणी कोणत्या पायरीवर आलं की काय हलवायचं, ते पायरीच्या दगडावरच आकडा कोरून ठरवा.

तूर्तास दोन कामं करा. पाऊस लागायच्या आत चाचणीचे खड्डे घ्या: दोन इमारतीच्या जागी, एक कड्यावर, एक दरडीच्या पायथ्याशी. कड्यावर बोअर घेता आलं तर उत्तमच. प्रत्येक खड्ड्यातल्या थरांचे फोटो टेप लावून काढा आणि त्याच छेदावर चिकटवा. आणि जुलै-ऑगस्टमध्ये पाणी चढेल तेव्हा सलग तीन-चार दिवस तिथं जा, सकाळ-संध्याकाळ. फेस आणि पाचट कुठं गोल फिरत राहतं, रस्त्यावरचं पाणी जागेत कुठून घुसतं, लोक पाणी बघायला नेमके कुठं उभे राहतात, हे छेदावर पेन्सिलनं लिहा. ज्या जागी गाव पूर बघायला जमतं, तिथं ओसरीचा कोपरा आणा. मग तो छेद मला पाठवा, प्लॅनवर आपण त्यानंतर बोलू.